एकेचाळीस नंबरचा दम

गुरुवार, १ नोव्हेंबर १९७९

आज नाशकात आलो. मनमाडची सकाळची यष्टी वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचली, हे एक नवलच. पंचवटीत जनावरांच्या दवाखान्याच्या मागं खोली मिळाली. पत्रा पक्का, दार पक्कं, समोर चिंच, नळाला दोन वेळ पाणी. अजून काय पायजे माणसाला. बाबासाहेबांची तसबीर खिळ्याला लावली, ट्रंक खाटेखाली सरकवली, झाला संसार.

मुलगी म्हणत होती, बाबा, साठीला आलात, आता घरी बसा. बसून काय करू, अंडी घालू? रेल्वेतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली तेवढी बसलो ती पुष्कळ. मनमाड जंक्शनला चौतीस वर्षं जनावरांच्या वॅगनी भरल्या मी. बैल, म्हशी, मिलिटरीची खेचरं, शर्यतीचे घोडे. जनावर फळीवर चढत नाय म्हणलं की साहेब लोक ओरडायचे, कोंडाजीला बोलवा.

इथले डॉक्टर गायधनी, वय चाळीसच्या आत, माणूस चांगला पण बोलतो फार. काम तीन महिन्यांचं. शहरातल्या टांग्यांचे सगळे घोडे तपासायचे. दिवाळीच्या आधी नाशिक रोडला तीन घोडे नाक गळून मेले. डॉक्टर रोगाला ग्लँडर्स म्हणतात, टांगेवाले शेंबा म्हणतात. काम सोपं हाय. घोड्याच्या नाकात लांब कापसाची काडी घालायची, फिरवायची, नळीत बंद करायची, नळीवर नंबर टाकायचा. नळ्या बर्फाच्या डब्यातून पुण्याला जातात, तिथं तपासतात. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. डॉक्टरांनी तास लावला.

ही डायरीपण त्यांनीच दिली. औषधाच्या कंपनीची हाय, वर बैलाचं चित्र. म्हणाले, कोंडाजी, रोज काय केलं ते लिहीत जा, मला शेवटी अहवालाला लागेल. मी म्हणलो, साहेब, मी सातवी नापास. ते म्हणाले, नापास माणसं खरं लिहितात.

संध्याकाळी घाटावर फिरून आलो. भाजीबाजारातून मेथी आणली. झोप येतीय.

शनिवार, ३ नोव्हेंबर

पहिला दिवस कामाचा. पंचवटी कारंजावर सोळा टांगे उभे. बरोबर भिकन. हा दवाखान्यातला जुना शिपाई, अंगाने बारीक, जिभेने लांब. मला म्हणाला, मामा, नाकाला फडकं बांधा, हातात रबरी मोजे घाला, काम झालं की फिनेल. मी म्हणलो, घोड्याला काडी लावायची हाय का बाळंतपण करायचं हाय?

फडकं बांधलं तर श्वास गुदमरतो, मोज्यांत बोटांना काय कळत नाय. दोन्ही खिशात टाकले.

भिकनची पद्धत अशी. घोड्याच्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ द्यायचा, दोघांनी धरायचं, तिसऱ्याने काडी घालायची. घोडा उड्या मारतो, टांगेवाला शिव्या देतो, एकेकाला अर्धा तास. मला एवढा दम नाय. मी म्हणलो, सर बाजूला.

मनमाडची युक्ती केली. घोड्याचं तोंड दोन्ही हातांत धरायचं, आपलं तोंड त्याच्या नाकपुडीला लावायचं आणि हळू फुंकायचं. गरम, लांब फुंकर. घोडा कान पाडतो. मग तोही एक लांब श्वास आपल्या तोंडावर सोडतो. तेवढ्यात काडी आत. दहा आकडे मोजायचे, काडी बाहेर. दोन मिनिटांत एक.

टांगेवाले बघत राहिले. शफी म्हणून एक हाय, तिशीचा, पान खाऊन तोंड लाल. तो ओरडला, अरे चाचाने तर घोड्याचा मुका घेतला, आता निकाह पण लावा! सगळे हसले. मीपण हसलो.

सोळाच्या सोळा झाले. सहा नंबरची घोडी म्हातारी, नाकाला पिवळा चिकट शेंबूड. तिने श्वास सोडला तो माझ्या मिशीवर. बाहीने पुसून टाकला.

डॉक्टरांनी एकच टोकलं. नळीवर नंबर आणि नाव काडी आत गेल्यावर टाका, आधी नको. मी सकाळीच चहा पिताना सगळ्या नळ्यांवर नंबर, घोड्याचं नाव, मालकाचं नाव टाकून ठेवतो. वेळ वाचतो. हो म्हणलो. उद्यापण तसंच करणार.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

पस्तीस घोडे झाले. भिकनने महिनाभरात एवढे केले नसते.

सहा नंबरची घोडी मेली. डॉक्टरांनी मला बसवून विचारलं, त्या दिवशी फडकं बांधलं होतंत ना? मी म्हणलो, बांधलं होतं. कशाला उगाच चर्चा वाढवायची.

मग ते सांगत बसले. हा रोग घोड्याचा माणसाला होतो. आधी सर्दीसारखं, मग सांधे सुजतात, अंगावर गाठी, मग छातीत. लवकर कळलं तर औषध लागू पडतं, उशीर झाला तर काय करता येत नाय. काही वाटलं तर लगेच सांगा, लपवू नका. मी मान हलवली.

लोक आजकाल रोगाला फार घाबरतात. माझी बायको विमलाबाई तशीच. शेवटची दोन वर्षं सारखी म्हणायची, दम लागतोय, दम लागतोय. मी म्हणायचो, नखरे बंद कर, उठ, पाणी भर. मग खरंच गेली. ते वेगळं.

बुधवार, १४ नोव्हेंबर

हे पान नंतर फाडायचं हाय.

सकाळपासून सर्दी. नाक वाहतंय, उजव्या बाजूने जास्त. थंडी पडली हाय, दुसरं काय.

आज पाच घोडे होते, ३७ ते ४१. एकेचाळीस म्हणजे शफीचा घोडा. नाव हवालदार. काळा, पोटावर पांढरा पट्टा, म्हणून हवालदार. शफीने आधीच सांगितलं होतं, चाचा, अम्मी घरी नसताना या, ती काडी घालू देणार नाय.

शफीच्या अम्मीचं नाव खातूनबी. सत्तरीची, कमरेत वाकलेली. भद्रकालीच्या मागं एका बोळात घर, पुढं अंगण, अंगणात घोडा. शफीचं ऐकून मला हसू आलं होतं. म्हणाला, हवालदार जन्मला तेव्हा मेलेला निघाला. श्वास नव्हता. सगळे म्हणाले टाकून द्या. अम्मीने त्याच्या नाकाला तोंड लावलं आणि पाऊण तास फुंकत बसली. पाऊण तासाने शिंकला. तेव्हापासून अम्मी म्हणते, त्याच्यात दम माझा हाय. रोज सकाळी एक फुंकर घालते, तेव्हा तो चंदी खातो. दुसऱ्या कुणाला तोंड लावू देत नाय.

मी गेलो तेव्हा ती रेशनच्या दुकानात गेली होती. घोडा उमदा. डोळा स्वच्छ, नाक कोरडं. मी तोंड धरलं, फुंकर घातली. एवढा शांत घोडा मी आजवर बघितला नाय. त्याने कपाळ माझ्या छातीला टेकवलं आणि श्वास सोडला. हिरव्या हरभऱ्यासारखा वास.

काडी खिशातून काढतोय तर मागून किंकाळी. म्हातारी दारात. हातातली पिशवी टाकली, गहू सांडले, धावत आली आणि मध्ये उभी राहिली. म्हणाली, तूने फूँका? तूने उसमें फूँका? मी म्हणलो, काय बिघडलं. ती पदराने घोड्याचं नाक पुसायला लागली, पुसते आणि रडते. म्हणाली, एका जनावरात दोघांचा दम नाय राहत, एकाला बाहेर निघावं लागतं. जा इथून. मी काडीचं बोललो, तर म्हणाली, थोडा दम धर बाबा, दोन दिवस जाऊ दे, मी स्वतः धरून देते.

दोन दिवस! बाराच्या पुण्याच्या गाडीने डबा जायचा होता. अकरा वाजून गेलेले. परत आलो तर डब्यात चार नळ्या भरलेल्या आणि पाचवी रिकामी. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ४१, हवालदार, शफी.

रिकामी नळी दिसली की डॉक्टर विचारणार. भिकन हसणार, म्हणणार मामाला म्हातारीने पळवलं.

नाक आयतं वाहतच होतं. काडी माझ्याच नाकात फिरवली, दहा आकडे मोजले, नळीत टाकली, बूच लावलं. निरोगी घोडा आणि निरोगी माणूस, पुण्याला काय कळतंय. डबा गाडीवर चढला.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

पुण्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मोठ्याने वाचला. एकेचाळीस घोड्यांपैकी दोन. सहा नंबर, ती मेलीच. आणि एकेचाळीस.

मी म्हणलो, लॅब चुकली असेल. डॉक्टर म्हणाले, चुकायला ही काही लॉटरी नाही. कायदा सरळ आहे, घोडा मारावा लागणार. आज कलेक्टर कचेरीतून हुकूम आणतो, परवा शनिवारी काम करू.

घरी येऊन खाटेवर बसलो. उजवा गुडघा चार दिवसांपासून सुजलाय. वयाने, असं म्हणत होतो.

एकेचाळीस म्हणजे मी.

एवढंच बोलायचं हाय. साहेब, त्या नळीत घोडा नव्हता, मी होतो. घोड्याला सोडा, मला औषध द्या. दोन वाक्यं. उद्या सकाळी बोलतो.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

सकाळी डॉक्टरांच्या दारात उभा राहिलो. ते फोनवर. मला बघून हाताने बसा म्हणाले. फोन संपला आणि भिकनला म्हणाले, बघ, साठीचा माणूस, एक नमुना चुकला नाही, शिक यांच्याकडून काहीतरी. भिकनने मान खाली घातली.

चौतीस वर्षांत मला कुणी खोटारडा म्हणलेलं नाय. कामचुकार म्हणलेलं नाय. मी म्हणलो, उद्या किती वाजता निघायचं, एवढंच विचारायला आलो होतो.

दुपारी भद्रकालीला गेलो. म्हणलो म्हातारीला सांगू, ती डॉक्टरांना सांगेल, मी समोर नको. खातूनबी अंगणात बसून घोड्याला खरारा करत होती. तिला हुकमाचं कळलं होतं. मला वाटलं वहाण मारेल. तिने चटई टाकली, चहा दिला. म्हणाली, चाचा, तू तर रेल्वेचा माणूस, तुला साहेब लोक मानतात. डॉक्टरला सांग ना, परत एकदा काडी घाल म्हणावं. माझा बेटा आजारी नाय. त्याचा श्वास मी रोज घेते, मला कळणार नाय का?

घोड्याने मला ओळखलं. मान लांब करून तोंड माझ्या खांद्यावर ठेवलं. कानाशी गरम श्वास. मी चहा अर्धा टाकून उठलो. सांगतो म्हणलो. बोळाच्या तोंडाशी जाऊन परत वळलो, परत बोळाच्या तोंडाशी आलो.

सांगितलं नाय.

शनिवार, २४ नोव्हेंबर

झालं.

नदीच्या पलीकडं मोकळ्या जागेत नेलं. भर बारा वाजता, ऊन डोक्यावर. खड्डा आधीच खणलेला. डॉक्टर, भिकन, दोन पोलीस, सगळ्यांच्या तोंडाला फडकी. शफी लगाम धरून, रडत. म्हातारीला त्याने घरात कडी लावून ठेवलं होतं.

सुई बघितली आणि घोडा बिथरला. मागच्या पायावर उभा. भिकनला दोरीसकट ओढत नेलं. पीळ बसेना. पोलीस लांब पळाले. डॉक्टर म्हणाले, असा मारला तर हाल होतील त्याचे.

मी पुढं गेलो. फडकं खाली ओढलं. डॉक्टर ओरडले, कोंडाजी, वेड लागलं का, रोगी आहे तो! मला माहीत होतं रोगी कोण हाय. तोंड धरलं. फुंकर घातली.

तो शांत झाला. लगेच. कपाळ छातीला टेकवलं, त्या दिवशीसारखंच. डॉक्टरांनी मानेत सुई दिली. गुडघे वाकले तसा मीपण त्याच्याबरोबर खाली बसलो. शेवटचा श्वास त्याने माझ्या तोंडात सोडला. तोंडावर नाय, तोंडात. मी ओरडायला तोंड उघडलं होतं का काय, आठवत नाय. लांब होता. संपेचना. माझी छाती भरली आणि तरी येतच राहिला.

मग डॉक्टरांनी कापून बघितलं. नाक, श्वासनळी, फुप्फुसं. बराच वेळ बघत राहिले. हातमोजे काढले. म्हणाले, साफ आहे. एक गाठ नाही. असं कसं?

माझ्याकडं वळले. कोंडाजी, एकेचाळीस याचीच होती ना? नक्की?

शफी बघत होता.

मी म्हणलो, याचीच.

रविवार, २५ नोव्हेंबर

ताप हाय. दंडावर दोन गाठी. फिनेलने धुतल्या.

छाती भरल्यासारखी वाटते. खोकलो तरी रिकामी होत नाय.

डॉक्टर खोलीवर आले होते. मी दारातच उभा राहिलो, बाही खाली ओढून. घोड्याचे तुकडे घेऊन स्वतः पुण्याला चाललेत, शुक्रवारी येणार. म्हणाले, नमुना कुठंतरी बदललाय, शोधावं लागेल, तुमची डायरी द्या, तारखा बघतो. मी म्हणलो, अजून पुरी नाय झाली. ते म्हणाले, ठीक आहे, आल्यावर द्या.

पान फाडायला घेतलं होतं. फाडलं नाय. का ते माहीत नाय.

सोमवार, २६ नोव्हेंबर

कारंजावर गेलो, चहाला. टांगे ओळीत उभे. मी समोरून चाललो तर पहिल्या घोड्याने मान वळवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. झापडं लावलेली, बाजूचं दिसत नाय त्यांना, तरी सगळ्यांची नाकं माझ्याकडं. एकाने आवाज केला नाय. मग सगळ्यांनी मिळून एक श्वास सोडला. हूं.

आज कुणी निकाहाचं बोललं नाय.

चहा न पिता आलो.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

सकाळी उन्हात पायरीवर बसलो होतो. मागं कुणीतरी श्वास घेत होतं. वळलो. खोली रिकामी. परत बसलो. परत मागं. लांब, ओला. मानेवर ऊब लागली. हरभऱ्याचा वास.

भिकनला विचारलं, तुला ऐकू येतंय का. तो म्हणाला, मामा, तुमचाच घोरल्यासारखा आवाज येतोय, सर्दी अंगात मुरली, डॉक्टर येईपर्यंत थांबू नका, मोठ्या दवाखान्यात चला, मी नेतो. मी म्हणलो, नखरे नकोत.

असंच म्हणलो. नखरे नकोत.

बुधवार, २८ नोव्हेंबर

प्रयोग केला. दुपारी दोन वाजता, दार उघडं, ऊन आत आलेलं. घड्याळ समोर ठेवलं. नाक चिमटीत धरलं, तोंड मिटलं. श्वास रोखला.

आवाज चालूच.

दहा आकडे मोजले. वीस. आत — बाहेर. आत — बाहेर. मी घेत नव्हतो. बरगड्या हलत होत्या. माझ्याच.

विमलाबाई रात्रभर अशीच बसायची, उशी पोटाशी धरून. मी पाठ फिरवून झोपायचो. कसा आवाज यायचा तिचा, आठवायला बघतोय. आठवत नाय. हाच आवाज येतो मध्ये.

गुरुवार, २९ नोव्हेंबर

दाढीचा आरसा. थंडी — श्वासाची वाफ बसली काचेवर. दोन ठिपके. मी बघत राहिलो. पुसले. परत फुंकलं.

दोन ठिपके. मध्ये चार बोटं अंतर.

माझं नाक — माझ्या दोन नाकपुड्यांत एक बोट पण —

आरसा पालथा घातला.

काडी घेतली दवाखान्यातून. नाकात घातली, नळीत टाकली. नंबर मग लिहिला. काडी आत गेल्यावर, डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसं. ४२, कोंडाजी. मालकाचं नाव लिहायची जागा असते. तिथं काय लिहू कळेना. मोकळी ठेवली.

भिकनला बोलावून सांगितलं. सगळं नाय. एवढंच म्हणलो, मला शेंबा हाय. तो मागं सरकला भिंतीपर्यंत. मग म्हणाला, सकाळी डॉक्टर आले की जीप घेऊन येतो, हलू नका मामा. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. लांब जिभेचा माणूस, एक शब्द जादा बोलला नाय.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

सकाळ. बोटं सुजलीत, अक्षर कळतंय का बघा.

डॉक्टर, एकेचाळीस नंबर कोंडाजीचा. घोडा साफ होता. म्हातारीने काडी घालू दिली नाय म्हणून नाय, मला दोन दिवस दम नव्हता म्हणून. १४ तारखेचं पान बघा. फाडलं नाय ते. कुणाला विचारायची गरज नाय, कुणावर ठपका नको, भिकनवर तर नकोच.

जीपचा आवाज अजून नाय.

दारात कुणीतरी — सावली खाली वाकलेली —

खातूनबी. एकटीच. हातात त्याचा लगाम.

मी सांगितलं. लिहिलं तसंच सांगितलं. नळी, नाक, माझं, सगळं. शिवी दे म्हणलो. तिने दिली नाय. म्हणाली, मला कळलं होतं चाचा, त्याच दिवशी. माझ्या अंगणात परत आलास आणि बोलला नाय, तेव्हाच.

तिने तळहात माझ्या नाकाखाली धरला. घोड्याच्या धरतात तसा. बराच वेळ.

म्हणाली, हा तुझा नाय.

मग हाक मारली. हळू. हवालदार.

माझं तोंड मिटलेलं होतं. नाकातून फुरफुर आली. मी नाय केली. मान आपोआप — तिच्या खांद्याकडं —

रडते आणि हसते. म्हणते, इथं होता माझा बेटा. इथं कोंडून ठेवला होता.

मी म्हणलो, घेऊन जा. पण मग माझा? माझा कुठं हाय?

म्हणाली, तुझा तर तू त्याला दिला. तो खड्ड्यात गेला.

होळकर पुलाकडून जीप येतीय. नक्की जीपच. भिकन हॉर्न वाजवतोय. दोन मिनिटं. मी तिला म्हणलो, जीप आली, डॉक्टर आले, औषध हाय, दोन मिनिटं थांब —

म्हणते, लिही तू, तुझं होऊ दे. माझ्याकडं दम हाय.

लगाम बाजूला ठेवला. दोन्ही हातांत माझं तोंड धरलं. हात गरम. भीती — नाय वाटत, कान पडल्यासारखे — तोंड जवळ आणतीय — जीप चिंचेखाली — विमले, मी तुला उठ म्हणलो होतो, पाणी भर म्हणलो, मी —

म्हणते, बस चाचा, हलू नको, थोडा दम